बेटावरची चिमणी, गावची चिमणी

विमान उतरायला लागलं की केबिन क्रूला दाराशेजारच्या घडीच्या खुर्चीवर पट्टे आवळून बसावं लागतं. जंपसीट म्हणतो आम्ही तिला. तोंड बहुधा प्रवाशांकडे असतं. बाहेरचं जे काही दिसतं ते दाराच्या तळहाताएवढ्या काचेतून. मनात उजळणी चालू असते: दार कुठलं, हँडल कुठल्या दिशेला, काय ओरडायचं, आधी कोणाला उठवायचं. ती संपली की सोबतच्या मुली समुद्र बघतात, डोंगर बघतात. मी वीज केंद्र शोधते. नागपूरजवळच्या, वीज केंद्राच्या कोराडीत वाढलेल्या माणसाची ही खोड आहे. आमच्याकडे लहान पोरांना दिशासुद्धा चिमण्यांवरून सांगत. त्यामुळे नव्या शहरात उतरताना मला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे सगळे दिवे कशावर जळतात?

खोड म्हणून ती तशी बरी आहे. आमच्या वाट्याला शहर येतं ते एखाद्या रात्रीपुरतं, तेही अर्धवट झोपेत. एवढ्या वेळात त्याची पर्यटनस्थळं बघायला गेलं तर हाती फक्त फोटो लागतात. पण वीज कुठून येते, पाणी कुठून येतं आणि रात्रपाळीला कोण जातं हे विचारलं, की टॅक्सीवाल्यापासून हॉटेलच्या रखवालदारापर्यंत सगळे बोलायला लागतात. गेल्या नवरात्राच्या तोंडावर मला मॉरिशसची ड्युटी लागली आणि ती संपवून मुंबईमार्गे घरी जायची रजाही मिळाली. त्या वाटेवर जे जे दिसलं ते हे.

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, माएबुर्ग गावाजवळ आहे. जाहिरातीतला निळा समुद्र दिसतो, पण जमिनीकडे नजर गेली की नुसता ऊस. ऑक्टोबरात तोडणी जोरात असते. अर्धं रान कापलेलं, अर्धं अजून उभं, आणि मधूनच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग, कुणीतरी रचून ठेवल्यासारखे. विमानतळापासून जवळच ला बराक इथं साखर कारखान्याला लागून वीज केंद्र आहे. हनिमूनच्या बेटावर चिमणी! पहिल्यांदा दिसली तेव्हा मला हसूच आलं होतं. हंगामात इथले बॉयलर उसाच्या चिपाडांवर चालतात आणि चिपाडं संपली की बाहेरून जहाजानं आणलेल्या कोळशावर. एकच भट्टी, दोन जळणं. बेटावर ना कोळसा आहे, ना तेल. आकारानं हे अख्खं बेट आपल्या नागपूर जिल्ह्यात पाच वेळा मावेल. पण साखर आणि वीज एकाच मोळीतून काढायची हा हिशोब त्यांनी फार पूर्वीच बसवला.

त्या काळ्या ढिगांची गोष्ट मला एका टॅक्सीवाल्यानं सांगितली. ऊस लावायचा तर आधी जमिनीतले दगड वेचायला हवेत, आणि ही जमीन म्हणजे निव्वळ ज्वालामुखीचा दगड. ते वेचण्याचं काम आधी गुलामांनी केलं, मग हिंदुस्थानातून आणलेल्या करारबद्ध मजुरांनी. 1835 मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. मळेवाल्यांनी त्याच्या आदल्याच वर्षापासून आपल्याकडून माणसं न्यायला सुरुवात केली होती. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना साधारण पाच रुपये आणि शिधा. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास लोक तिथं उतरले. पोर्ट लुईच्या बंदरात जिथं त्यांना उतरवत, तो अप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या इमारतींपैकी थोडंच उरलंय. बंदरातून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या मात्र आहेत. पायऱ्या अगदी साध्या, आपल्याकडच्या कुठल्याही नदीघाटाला शोभतील अशा. त्यांच्यापुढे आता रस्ता झालाय आणि गाड्यांचा आवाज सतत येतो. मला ती जागा आवडली, कारण तिथं सजावट फारशी केलेली नाही.

बहुतेक मजूर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, कोलकात्याहून निघालेले. मुंबई बंदरातून गेलेले कमी. त्यांत कोकणातले, मुख्यतः रत्नागिरीकडचे, मराठी लोक होते. माझा टॅक्सीवाला त्यांच्यातलाच. घरात क्रिओल, कचेरीत इंग्रजी-फ्रेंच, आणि मराठी उरलं ते आरतीपुरतं. ती मात्र त्यानं गाडी चालवता चालवता खणखणीत म्हणून दाखवली, एकही शब्द न चुकता. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना मराठी घेता येतं. गणपतीत झाकरी नावाचा नाच होतो, तो म्हणजे कोकणातली जाखडीच. 28 एप्रिल 2023 रोजी मोका गावी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. तो त्यानं मला वाट वाकडी करून दाखवला. नागपूर रत्नागिरीपासून किती लांब, हा त्याचा प्रश्न. रेल्वेनं अख्खा दिवस जाईल म्हटल्यावर तो गप्पच झाला. त्याचं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन तासांत संपतं. एवढा लांब महाराष्ट्र त्याच्या कल्पनेत बसेना.

पण मला खरा धक्का दिला तो दगडानं. मॉरिशसचा काळा दगड बेसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचा आहे तोच. दोन्हींचा उगमही एक. आज रेयुनियन बेटाच्या खाली पृथ्वीच्या पोटातून उष्णतेचा जो लोट वर येतो, त्याच्यावरून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा सरकत गेला. तेव्हा ओतलेल्या लाव्ह्यातून दख्खनचं पठार झालं. तुकडा उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे लक्षद्वीप-मालदीवची रांग उठत गेली. ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी त्याच लोटानं मॉरिशस वर आणलं, आणि रेयुनियनचा ज्वालामुखी तर आजही धगधगतो. म्हणजे रत्नागिरीहून निघालेल्या माणसानं महिनाभर समुद्र ओलांडून, परक्या मुलखात, वेचले ते दगड त्याच्या परसातल्या दगडांच्या भावंडांतले होते. हे त्याला कुणी सांगितलं असतं तरी पाच रुपयांचे सहा झाले नसते म्हणा.

परतीचं विमान रात्रीचं. हिंदी महासागरावर सहा तास खाली काहीच नसतं. जेवणाच्या गाड्या आवरल्या, दिवे मंद केले, की गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, पडदा ओढून आमच्या गप्पा सुरू होतात. आवडतं ठिकाण कुठलं, हा नेहमीचा विषय. कुणी पॅरिस म्हणतं, कुणी सिंगापूर. माझं उत्तर नैरोबी, आणि ते ऐकून सगळ्या हसतात. नैरोबीहून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर ओल्कारिया नावाची जागा आहे, नैवाशा तलावाजवळ. तिथं जमिनीत खोल भोकं पाडून वाफ काढतात आणि थेट टर्बाइनवर सोडतात. ना कोळसा, ना राख. पहिला संच 1981 मध्ये सुरू झाला आणि आज केनियाची जवळपास निम्मी वीज अशा वाफेची आहे. डोंगरभर चंदेरी पाइप, जागोजागी पांढरे लोट, आणि शेजारच्या अभयारण्यात पाइपांखालून चाललेले झेब्रे. थोडं पुढं तलावाकाठी गुलाबाच्या बागा. तिथली फुलं रात्रीच्या मालवाहू विमानानं युरोपात जातात. एवढं सगळं एका दिवसात बघायला मिळतं, आणि तरी लोक म्हणतात, नैरोबीत काय आहे!

आमच्या कामाबद्दल बाहेर जो समज आहे, तो गॅलीत बसून ऐकला की करमणूक होते. चहा देणं हा त्यातला फार छोटा भाग. विमान बनवणाऱ्याला सिद्ध करावं लागतं की अर्धी दारं बंद असली तरी भरलेलं विमान नव्वद सेकंदांत रिकामं होईल, आणि तसं रिकामं करायचं प्रशिक्षण आम्हाला दरवर्षी ताजं करावं लागतं. धुरानं भरलेल्या खोलीत रांगणं, तलावात उडी टाकून तराफ्यावर माणसं ओढणं, आग विझवणं. जगातली पहिली हवाई सुंदरी म्हणतात ती एलन चर्च, 1930 मधली, मुळात परिचारिका होती. पुढं या कामाला सौंदर्याची झूल चढली आणि बायकांच्या नोकऱ्यांवर तिचं ओझं आलं. एअर इंडियात एके काळी पस्तिशीला, किंवा पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांतलं जे आधी येईल तेव्हा नोकरी संपे. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्ये गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाची अट मात्र तेव्हा टिकली. आज गॅलीत माझ्यासमोर दोन पोरांची आई उभी राहून घड्याळ बघते, तिच्या मुलांची शाळेची वेळ झालीय का म्हणून. हे आपोआप झालेलं नाही.

या कामानं मला शिकवलं ते हातांकडे बघायला. घाबरलेला माणूस तोंडानं सांगत नाही, त्याची बोटं खुर्चीच्या दांड्यावर पांढरी पडतात. त्या रात्री मागच्या रांगेत एक आजी होत्या, सुनेच्या बाळंतपणाहून परतलेल्या. पट्टा सुटेल या भीतीनं त्यांनी पदराचं टोक बकलात अडकवून ठेवलं होतं. सोडवायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, मुंबईला सोडू. मी राहू दिलं. पट्टा घट्ट होता, मग पदराचं काय एवढं!

पहाटे मुंबई. तिथं चेंबूरच्या पलीकडे ट्रॉम्बेची चिमणी, हे माझं ओळखीचं ठिकाण. मुंबईबद्दल एवढंच सांगते की या शहराची वीज फक्त कोळशाची नाही. 1915 मध्ये टाटांनी खोपोलीला घाटावरचं पाणी खाली सोडून वीज काढली आणि गिरण्यांना दिली. ट्रॉम्बेची चिमणी फार नंतरची.

मुंबई-नागपूर विमानात मी प्रवासी असते तेव्हा उजव्या बाजूची खिडकी मागते. सव्वा तासात महाराष्ट्राचा अख्खा छेद दिसतो. आधी सह्याद्रीच्या पायऱ्या. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले वरूनच जास्त नीट कळतात. मग डोंगर बसके होतात आणि लांबवर जायकवाडीचं पाणी चकाकतं. हवा स्वच्छ असली तर पुढं लोणारचं गोल विवर दिसतं. उल्का पडून बेसाल्टात झालेला हा खड्डा पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. आता एक नवी खूणही आहे, समृद्धी महामार्गाची 701 किलोमीटरची रेघ, कधी जवळ येते, कधी दूर जाते. वर्धा नदी ओलांडली की आपलं राज्य आलं असं वाटतं. तसं राज्य एकच आहे, पण नागपूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

नागपूरच्या विमानतळाला लोक लहान समजतात. एके काळी रात्री बारा वाजता देशातला सगळ्यात गजबजलेला विमानतळ हा असे. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून चार विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या याच विमानतळावर जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत सगळी आपापल्या शहरी परत. थैल्यांबरोबर प्रवासीही असत. एका शहरात सायंकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांची ही योजना. त्याच वर्षी एप्रिलपासून देशातली पत्रं जादा आकार न घेता विमानानं जायला लागली. दोन दशकांहून जास्त हे चाललं. आमच्या धंद्यात याला हब म्हणतात आणि त्याचं श्रेय अमेरिकेतल्या कुरिअर कंपन्यांना देतात. सोनेगावच्या धावपट्टीवर डाकोटा विमानांनी ते आधीच करून दाखवलं होतं. आजही देशावरून आरपार जाणाऱ्या विमानांचे कितीतरी मार्ग नागपूरच्या आसपास एकमेकांना छेदतात, आणि विमानतळाशेजारच्या मिहान प्रकल्पात 2015 पासून मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे.

विमानतळाहून कोराडी म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाकडून उत्तर टोकाच्या बाहेर. वर्धा रोड, मग सीताबर्डी. ज्या टेकडीवर किल्ला आहे आणि जिथं नोव्हेंबर 1817 मध्ये भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली, ती टेकडी बेसाल्टची. म्हणजे मॉरिशसपासून चाललेला माझा काळा दगड इथवर पोचतो. आणि मग संपतो. नागपूर हे दख्खनच्या लाव्ह्याचं पूर्वेचं टोक आहे. सदर, मानकापूर करत छिंदवाड्याच्या रस्त्यानं उत्तरेला निघालं की पायाखालचा दगड बदलतो, आणि कामठी-सिल्लेवाड्याच्या बाजूला गोंडवनाचे थर लागतात. पंचवीस कोटी वर्षांहून जुनी वनराई तिथं कोळसा होऊन पडलीय. भूशास्त्रात त्यातल्या एका खडकथराचं नावच ‘कामठी’ आहे. कोराडी कामठी तालुक्यातलं गाव. वीज केंद्र इथं का आलं याचं उत्तर एवढ्यातच आलं.

पहिला 120 मेगावॅटचा संच 1974 मध्ये सुरू झाला. मग एकेक करत सात झाले. नोकरीला आलेल्यांत विदर्भाच्या प्रत्येक जिल्ह्यातले लोक होते. विद्युत विहार कॉलनीत शेजारी गोंदियाचे, समोर बुलडाण्याचे. गावाला तीन पाळ्यांची सवय लागली. दुपारी दोनला कोणाच्या घरी दार वाजवायचं नाही, माणूस रात्रपाळी करून झोपलेला असतो, हे आम्ही बोलायला लागण्याआधी शिकलो. पुढं विमानात रात्र जागताना मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. त्या जुन्या छोट्या संचांपैकी बहुतेक गेले. 2015 ते 2017 दरम्यान 660 मेगावॅटचे तीन नवे आले. असा एक संच पूर्ण भारावर चालला तर दिवसाला ढोबळमानानं नऊ-दहा हजार टन कोळसा खातो, आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते. इथून 765 केव्हीची तारांची वाट अकोल्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे जाते. वीज पश्चिमेला जाते, राख इथंच राहते. जुलै 2022 च्या पावसात खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर बोट फिरवून बघायची सवय माझ्या आईला अजून आहे.

घरी पोचले तेव्हा बाबा जेवायचे थांबले होते. निवृत्त झाले तरी बॉयलरचा विषय सुटलेला नाही. मॉरिशसचे फोटो त्यांनी दोन बोटांत संपवले.

“थो बॉयलर कायवर चालते म्हणते?”

“उसाच्या चिपाडांवर, बाबा. हंगाम संपला की कोळसा.”

“मंग राख कुठी टाकते? बेटावर जागा कुठी हाय?”

हे मी विचारलंच नव्हतं. मी पाण्याकडे वळवलं, कारण त्यात आमची बाजू भक्कम आहे. कोराडीला आधी सगळं पाणी पेंच प्रकल्पाचं लागे. आता नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन इथं येतं, दिवसाला 13 कोटी लिटरची सोय आहे, आणि तेवढं पेंचचं पाणी पिण्याला उरतं. देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे करणाऱ्यांत आम्ही पहिल्यांपैकी. सिंगापूरनं असंच काही केलं की लोक शिष्टमंडळं घेऊन बघायला जातात. “आपलं पाह्याले कोणी येत नाई,” बाबा म्हणाले, “सगळे देवीलेच येते.”

ते खरं आहे. महालक्ष्मी जगदंबेचं देऊळ तलावाच्या काठी, वीज केंद्राच्या नजरेच्या टप्प्यात. कथा अशी सांगतात की जाखापूरच्या झोलन राजाला सात मुलगे होते, मुलगी नव्हती. त्यानं यज्ञ केला आणि देवीच मुलगी होऊन आली. मुलीसाठी यज्ञ करणारा राजा आपल्या कथांत क्वचितच भेटतो. मला त्याच्याबद्दल आदर आहे. मूर्ती दिवसातून तीन रूपं दाखवते अशी श्रद्धा आहे: सकाळी कन्या, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढ स्त्री. नवरात्रात नागपूरहून लोक रात्रभर पायी येतात. कोळशाचे ट्रक आणि अनवाणी बायका एकाच रस्त्यावर. सभामंडपाबाहेर नवसाच्या अखंड ज्योती हजारोंनी तेवत असतात, तेलातुपाच्या. देवळाचा विस्तार झाला, 5 जुलै 2023 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आवारात रामायण सांस्कृतिक केंद्राचं उद्घाटन झालं, दुकानं वाढली. त्याच वर्षी मे महिन्यात आणखी दोन 660 मेगावॅट संचांसाठी जनसुनावणी झाली. तिथं विरोधही झाला आणि बाजूनंही लोक बोलले. आमच्या घरातही त्यावर एकमत नाही; बाबा एका बाजूला, कपड्यांवर बोट फिरवणारी आई दुसऱ्या.

आल्या संध्याकाळी मी देवळात जाऊन आले, तेव्हा देवीचं प्रौढ रूप होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आईबरोबर गेले, कन्या झाली. मधलं रूप मात्र मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. लहानपणी दुपारी शाळा असे, आता दुपारी परतीचं विमान असतं. “रात्रीचं तिकीट कहाडाचं नं,” बाबा म्हणाले. पण रात्री माझी नैरोबीची ड्युटी होती.